रेसमधून निवृत्त झालेला घोडा ड्रेसाजसाठी लाँग लाइनवर कसा तयार करावा

मुंबई-पुण्याच्या रायडिंग क्लबांत ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली शिस्तीत करवून घेण्याचा क्रीडाप्रकार, शिकू पाहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येणारा घोडा हा ड्रेसाजसाठीच पैदास झालेला युरोपीय वॉर्मब्लड नसतो, तर रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, असतो. 2023 साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. मात्र या चमूची तयारी युरोपात, तिथल्या घोड्यांवर झाली होती. आपल्या पागेतल्या थरोब्रेडकडून तशाच चालीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण तो बुद्धिमान असतो, कष्टाळू असतो आणि योग्य क्रमाने शिकवला तर ड्रेसाजच्या प्राथमिक व मध्यम पातळीच्या चाचण्या समाधानकारकपणे पार पाडतो.

अडचण त्याच्या जुन्या शिक्षणात असते. रेसमध्ये जॉकी लगाम आखूड धरतो, घोडा त्या ताणावर तोंडाने भार टाकतो आणि त्याच आधारावर वेग वाढवतो. ड्रेसाजचा स्वार हाच लगाम आवळून त्याला हळू होण्यास सांगू लागला की घोड्याच्या दृष्टीने ती पळण्याचीच आज्ञा ठरते. पायाच्या दाबाने बाजूला सरकणे, मान व बरगड्या वळवून वर्तुळावर चालणे, मागच्या पायांवर भार घेणे यांपैकी काहीही त्याला कोणी शिकवलेले नसते. पाठीवर बसून हे सगळे एकाच वेळी दुरुस्त करू पाहणारा स्वार बहुधा घोड्याच्या तोंडाशी भांडत राहतो. म्हणून पहिले काही आठवडे पाठीवर वजन न टाकता, जमिनीवरून आणि पुढे दोन लांब लाइनांवर (घोड्याच्या तोंडाकडून शिक्षकाच्या हातात येणाऱ्या लांब दोऱ्यांवर) काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या पद्धतीत बाहेरची लाइन घोड्याच्या पुठ्ठ्यांभोवती फिरते, आणि घोडा जिथून चालतो तो त्याचा मागचा भाग प्रथमच शिक्षकाच्या हाती येतो. एका दोरीवर गोल फिरवण्यात, म्हणजे लंजिंगमध्ये, हे साधत नाही.

काम सुरू करण्याआधी

रेसमधून आलेल्या घोड्याला प्रथम विश्रांती द्यावी. धान्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करून गवत व चारा वाढवावा, शक्य असल्यास रोज काही तास मोकळ्या आवारात सोडावे. पशुवैद्याकडून पाठ, पायांच्या शिरा (कंडरा) व सांधे आणि दात तपासून घ्यावेत. रेसच्या घोड्यांत जठरातील व्रण फार मोठ्या प्रमाणात आढळतात. तंग आवळताना चावायला येणारा किंवा खरारा करताना पोट आकसून घेणारा घोडा हट्टी आहे असे ठरवण्याआधी ती शक्यता तपासावी. रेसचे हलके नाल काढून रोजच्या कामाचे नाल घालण्याबाबत नालबंदाशी बोलावे.

साहित्य फार लागत नाही, पण असेल ते धड असावे. घोड्याला नीट बसणारी मोहरकी, नाकाच्या वर मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना कड्या असलेले लंजिंगचे कॅव्हेसन (नाकावर बसणारा मजबूत पट्टा), साधे जोड असलेले स्नॅफल (बिटचा, म्हणजे लगामाच्या तोंडातल्या धातूच्या भागाचा, सौम्य प्रकार), दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर कड्या असलेला रोलर (पाठ-पोटाभोवती आवळायचा पट्टा), चारही पायांना बूट, लंजिंगचा लांब चाबूक आणि प्रत्येकी सुमारे 8 मीटर लांबीच्या दोन लाइना पुरेशा होतात. लाइना सुती किंवा मऊ पट्टीच्या घ्याव्यात. गुळगुळीत नायलॉनची लाइन हातातून सुटली तर तळहात सोलून काढते, आणि जड लाइन घोड्याच्या तोंडावर विनाकारण लटकत राहते. रोलर नसेल तर खोगिराच्या रिकिबी पोटाखालून पट्ट्याने एकमेकींना बांधून, त्या झुलणार नाहीत अशा बेताने, त्यांतून लाइना नेता येतात. शिक्षकाने हातमोजे, हेल्मेट आणि बंद बूट घालावेत. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलो वजनाच्या प्राण्यासोबत आपण काम करणार आहोत, याची जाणीव मोतद्दारापासून शिक्षकापर्यंत सर्वांना असावी.

मोहरकीवरचे काम

पहिले धडे मोहरकी आणि साधारण 3 मीटरच्या दोरीवर द्यावेत. घोड्याला चार गोष्टी यायला हव्यात: सांगितल्याबरोबर चालू लागणे, सांगितल्याबरोबर चौकोनी (चारही पायांवर सारखा भार घेऊन) उभे राहणे, दोन पावले मागे जाणे आणि पुठ्ठे बाजूला सरकवणे. शिक्षकाने घोड्याच्या खांद्याजवळ चालावे. पुढे राहून त्याला ओढू नये. थांबवताना आधी आवाज द्यावा, मग स्वतः थांबावे आणि घोडा तरीही चालत राहिला तरच दोरीचा हलका दाब द्यावा. हा क्रम कधीही उलटा करू नये, कारण पुढे लाइनवर आणि स्वाराखाली हाच आवाज उपयोगी पडणार असतो.

पुठ्ठे सरकवण्यासाठी घोड्याच्या डाव्या बाजूला उभे राहून त्याचे नाक किंचित आपल्याकडे घ्यावे आणि तंगाच्या थोडे मागे, जिथे पुढे स्वाराचा पाय येणार आहे तिथे, बोटांनी किंवा चाबकाच्या मुठीने दाब द्यावा. मागचा डावा पाय उजव्याच्या पुढून ओलांडला की त्याच क्षणी दाब काढावा. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी, दाब देण्याच्या नव्हे. पाऊल पडल्यानंतरही बोट तसेच राहिले तर त्याने दिलेले बरोबर उत्तर वाया जाते. दोन-तीन पावले मिळाली की पुरे. मग दुसऱ्या बाजूने तेच करावे. रेसचा घोडा एका बाजूने सहज आणि दुसऱ्या बाजूने ताठ असा हमखास आढळतो. ताठ बाजूला जास्त वेळा, पण प्रत्येक वेळी कमी पावले मागावीत.

याच टप्प्यात उभे राहणे शिकवावे. जॉकीचा पाय उचलून धरून त्याला चालत्या घोड्यावर चढवण्याची रेसमध्ये पद्धत असल्याने, घोड्यावर चढण्याच्या ठोकळ्यापाशी शांत उभे राहणे ही अनेक थरोब्रेडना सर्वस्वी नवी कल्पना असते. रोज कामाच्या शेवटी ठोकळ्यापाशी न्यावे, शिक्षकाने त्यावर चढावे, पाठीवर हात फिरवावा आणि काहीही न मागता खाली उतरावे.

एका लाइनवर

लंजिंगला मी येथे मोजकीच जागा देतो. रेसमध्ये झिजलेल्या पायांच्या शिरांवर आणि सांध्यांवर सतत गोल फिरण्याचा ताण पडतो. घोड्याला आवाजाचे हुकूम कळावेत आणि शिक्षकाला त्याच्या चालीची लय कळावी, एवढ्यापुरतेच ते करावे. वर्तुळ 15 ते 20 मीटर व्यासाचे असावे. लाइन कॅव्हेसनच्या मधल्या कडीला लावावी, हातात ती घड्या घालून धरावी. मुठीभोवती किंवा मनगटाभोवती तिचा वेढा कधीही घेऊ नये. शिक्षकाने घोड्याच्या पुठ्ठ्यांच्या रोखाने उभे राहावे. त्याच्या खांद्यापुढे सरकल्यास घोडा थांबतो किंवा वळतो, आणि नवशिके शिक्षक नेमके तेच नकळत करतात.

चालीत (साध्या पावली चालताना) चार ठोके, दुडकीत दोन आणि कँटरमध्ये (संथ धावेत) तीन ठोके स्पष्ट ऐकू यायला हवेत. थरोब्रेडची दुडकी सुरुवातीला घाईची आणि आखूड असते. तिचा वेग चाबकाने वाढवू नये, उलट वर्तुळ किंचित लहान करून आणि आवाज खाली आणून ती संथ करावी. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापर्यंत पोहोचू लागला, मान खाली लांब झाली आणि घोड्याने नाकातून एक-दोनदा मोकळा फुत्कार सोडला की तो सैल होऊ लागला आहे असे समजावे. दर तीन-चार मिनिटांनी दिशा बदलावी. एकूण काम 20 मिनिटांपेक्षा जास्त नको.

साइड रेनविषयी, म्हणजे बिटपासून रोलरपर्यंत बांधायच्या ठरावीक लांबीच्या पट्ट्यांविषयी, मतभेद आहेत. योग्य लांबीच्या साइड रेन घोड्याला स्थिर संपर्क देतात हे खरे, पण त्या कधी सैल सोडाव्यात हे त्यांना कळत नाही आणि हाताला कळते. तोंडावर भार टाकून पळण्याची सवय असलेल्या घोड्याला तर त्या भार टाकण्यासाठी आयता आधार पुरवतात. लाँग लाइनवर जायचेच असेल तर त्यांच्या वाटेला न गेलेले बरे.

दुसरी लाइन

येथे घाई केल्यास अपघात होतो. मागच्या पायांना काहीतरी लागले की लाथ मारणे किंवा पुढे उधळणे ही घोड्याची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. म्हणून दुसरी लाइन जोडण्याआधी काही दिवस, मदतनीसाने डोके धरलेले असताना, मऊ दोरी घोड्याच्या पाठीवरून, पुठ्ठ्यांवरून, शेपटीखालून आणि मागच्या पायांवरून पुन्हा पुन्हा फिरवावी. घोड्याने शेपूट घट्ट दाबून दोरी पकडली तर ती ओढून काढू नये. हात सैल सोडून थांबावे, घोडा श्वास सोडतो तेव्हा शेपूटही सैल होते. दोन्ही बाजूंनी दोरी लागत असताना तो कान मागे न पाडता उभा राहू लागला की पुढे जावे.

पहिल्या दिवशी दोन्ही लाइना बिटला न लावता कॅव्हेसनच्या बाजूच्या कड्यांना लावाव्यात. घोड्याच्या बाहेरच्या मागच्या पायाच्या प्रत्येक पावलागणिक बाहेरच्या लाइनला हलका झटका बसतो, आणि तो थेट तोंडात गेला तर घोडा पहिल्याच फेरीत डोके वर करून आकसतो. झटक्याची सवय झाल्यावर, साधारणतः काही सत्रांनंतर, लाइना स्नॅफलच्या कड्यांत घ्याव्यात. दोन्ही लाइना रोलरच्या अशा कड्यांतून न्याव्यात की हात आणि तोंड यांच्यातली रेषा घोड्याच्या खांद्याच्या टोकाच्या उंचीवर राहील. आतली लाइन थेट तोंडाकडून हातात घेण्याची पद्धतही आहे आणि ती अधिक मोकळी असते, परंतु तिच्यात चालता चालता दिशा बदलता येत नाही.

बाहेरची लाइन पुठ्ठ्यांभोवती, हॉकच्या म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वरून यावी. ती खाली घसरली तर पायांत अडकते आणि शेपटीखाली गेली तर घोडा पळतो. दोन लाइनांची टोके एकमेकांना बक्कलने जोडू नयेत, कारण जोडलेल्या टोकांचा फास शिक्षकाच्या पायात येतो. बंदिस्त मैदान आणि मदतनीस या दोन अटी पहिल्या काही सत्रांसाठी अनिवार्य मानाव्यात.

सुरुवात परिचित वर्तुळावर, फक्त चालीत करावी. डावीकडे जाताना डाव्या हातात आतली लाइन आणि उजव्या हातात बाहेरची लाइन व चाबूक असावा. शिक्षकाने एका जागी खिळून न राहता स्वतःही लहान वर्तुळात चालावे. आतली लाइन फक्त नाकाची दिशा दाखवते. आतल्या डोळ्याची कड दिसली की तेवढी वळण पुरेशी आहे. घोड्याचा वेग, खांद्याची जागा आणि पुठ्ठ्यांची जागा ही तिन्ही बाहेरच्या लाइनची कामे आहेत. वर्तुळ मोठे होऊ लागले तर आतली लाइन ओढण्याचा मोह आवरावा आणि बाहेरची मूठ क्षणभर बंद करून सोडावी. घोडा बाहेर ढकलला जातो तो बाहेरच्या खांद्यातून, आणि त्या खांद्याला आवर घालणारी लाइन तीच आहे. हे एकदा हाताला कळले की स्वार म्हणूनही बाहेरच्या लगामाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

वेग कमी करण्याचा संकेतही असाच द्यावा: आवाज, मग मूठ बंद, मग ताबडतोब सैल. घोडा भार टाकू लागला तर त्याच्याशी रस्सीखेच खेळू नये. तो ज्यावर झुकतो तो आधारच काढून घ्यावा, म्हणजे क्षणभर लाइन हलकी करून पुन्हा संपर्क घ्यावा, आणि हे दहा वेळा करावे लागले तरी दहा वेळा करावे. रेसची सवय याच जागी मोडते, आणि ती मोडण्यास बराच काळ जातो.

दिशा बदलताना घोडा चालीत असावा. डावीकडून उजवीकडे जायचे असेल तर शिक्षकाने हळूहळू घोड्याच्या मागे सरकत उजवी लाइन घ्यावी आणि तेवढीच डावी सोडावी. घोडा वळला की डावी लाइन आपोआप पुठ्ठ्यांभोवती येऊन नवी बाहेरची लाइन बनते. घेणे आणि सोडणे एकाच मापाने झाले नाही तर एक तर तोंडाला हिसका बसतो, नाहीतर लाइन जमिनीवर लोळते. घोड्याशिवाय, खुर्चीच्या पाठीला लाइना बांधून, याचा सराव आधी करून घ्यावा.

घोडा लाइनांत गुरफटला किंवा गर्रकन आपल्याकडे वळला तर बाहेरची लाइन तत्काळ सोडून द्यावी आणि आतली धरून ठेवावी. पुढे उधळला तर दोन्ही लाइनांना लटकू नये; आतल्या लाइनने वर्तुळावर घ्यावे आणि बाहेरची जाऊ द्यावी.

मागे चालून

वर्तुळावर चाल आणि दुडकी स्थिर झाल्यावर शिक्षकाने घोड्याच्या मागे येऊन सरळ रेषेत काम सुरू करावे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझानर घोड्यांना लांब लगामांवर दाखवताना शिक्षक पुठ्ठ्यांना जवळजवळ खेटून चालतो आणि त्या अंतरावरून पियाफ (जागच्या जागी दुडकी), पसाज (पाय उंच उचलत केलेली संथ दुडकी) आणि कँटरमधले पायबदलही करवून घेतो. ते घोडे आणि ती माणसे अनेक वर्षे एकत्र काम केलेली असतात. आपण लाथेच्या टप्प्याबाहेर, किमान 3 मीटर मागे आणि किंचित आतल्या बाजूला राहावे. अगदी खेटून राहिल्यास लाथेला जोर घ्यायला जागा मिळत नाही आणि लांब राहिल्यास ती पोहोचत नाही. सर्वांत धोक्याचे ते मधले अंतर.

मागे चालण्याचा मोठा लाभ असा की स्वाराला केवळ जाणवणारी गोष्ट येथे डोळ्यांना दिसते. दोन्ही कुल्ले सारखे वर-खाली होतात का, शेपूट एका बाजूला धरलेली आहे का, मागचे खूर पुढच्या खुरांच्या मागोमाग पडतात की एका बाजूला, हे सगळे स्वच्छ दिसते. 20 बाय 60 मीटरच्या मैदानाच्या लांब बाजूने, भिंतीपासून दोन मीटर आत, सरळ चालवून पाहावे. भिंतीचा आधार काढला की घोड्याचा वाकडेपणा लपत नाही. तो दुरुस्त करताना पुठ्ठे ढकलण्यापेक्षा खांदे पुठ्ठ्यांच्या पुढे आणून ठेवावेत.

व्यायामांचा क्रम घोड्यागणिक बदलेल, पण थांबणे आणि चालू लागणे यांपासून आरंभ करणे नेहमीच हिताचे. मग नागमोडी वळणे, 10 मीटरची वर्तुळे, चालीतून दुडकी आणि परत, दोन-तीन पावले मागे घेणे. जमिनीवर ठेवलेल्या दांड्या चालीसाठी 80 ते 90 सेंटिमीटर आणि दुडकीसाठी साधारण 1.3 मीटर अंतराने लावाव्यात. घाई करणारा थरोब्रेड त्यांच्यापाशी आपणहून पाय उचलून लय शोधतो आणि पाठ वर घेतो.

शोल्डर-इन, म्हणजे भिंतीच्या कडेने जाताना खांदे किंचित आत घेऊन चालणे, लाँग लाइनवर शिकवणे मला सर्वांत फलदायी वाटते. कोपऱ्यात 10 मीटरचे एक वर्तुळ पूर्ण करावे. दुसऱ्या वर्तुळासाठी घोड्याचे पुढचे पाय भिंतीपासून आत सरकले की तिथेच बाहेरची मूठ बंद करावी आणि आतल्या पुठ्ठ्याच्या रोखाने चालत भिंतीच्या समांतर पुढे नेण्यास सांगावे. आतला मागचा पाय बाहेरच्या पुढच्या पायाच्या रेषेत पडू लागला की खुरांचे तीन माग दिसतात. तीन-चार पावले मिळताच वर्तुळावर सोडून द्यावे. मान जास्त वळली आणि खांदे मात्र जागच्या जागी राहिले, तर आतली लाइन जास्त ओढली गेली आहे. हाच दोष सर्वाधिक आढळतो.

नाक उभ्या रेषेच्या मागे गेले, दात खाण्याचा आवाज आला, जीभ बिटवर आली किंवा शेपूट सतत फटकारली जाऊ लागली तर व्यायाम अवघड झाला आहे. एक पायरी मागे यावे. मान सुंदर कमानदार दिसते म्हणून समाधान मानू नये, कारण लाइनांच्या जोरावर मान कोणालाही वाकवता येते.

आपल्या हवामानात हे काम सकाळी लवकर उरकावे. मुंबईची दमट हवा घोड्याचा घाम वाळू देत नाही, म्हणून काम झाल्यावर अंगावर भरपूर पाणी ओतून चालते ठेवावे. पावसाळ्यात ओल्या गवतावर किंवा शेवाळलेल्या मुरमावर लाइनवर काम करू नये. वाळूच्या मैदानातही पाणी साचले असेल तर चालीपुरतेच ठेवावे. आठवड्यातून तीन सत्रे पुरेशी आहेत, उरलेले दिवस हाताने फिरवणे आणि मोकळे सोडणे यांत जावेत.

पाठीवर स्वार घेताना

घोडा चाल व दुडकीत दोन्ही दिशांना हलक्या संपर्कावर चालू लागला, आवाजावर थांबू लागला आणि ठोकळ्यापाशी उभा राहू लागला की हलक्या, स्थिर बैठकीच्या स्वाराला बसवावे. पहिल्या काही सत्रांत लाइना शिक्षकाच्याच हाती राहाव्यात आणि स्वाराने केवळ प्रवासी म्हणून, मानेवरचा पट्टा धरून बसावे. नंतर शिक्षकाने आवाज देण्याच्या क्षणभर आधी स्वाराने पायाने हलका दाब द्यावा. घोडा आवाजाला प्रतिसाद देतो आणि हळूहळू दाबाचा अर्थ आवाजाशी जोडतो. पुठ्ठे सरकवण्याच्या धड्यात बोटांनी जिथे दाब दिला होता, त्याच जागी स्वाराचा पाय आलेला असतो. थांबतानाही स्वाराने आधी बैठक स्थिर करावी, मग शिक्षकाने आवाज द्यावा आणि लाइन सर्वांत शेवटी वापरावी. घोडा आवाजाआधीच पायाला उत्तर देऊ लागला की लगाम स्वाराकडे द्यावेत आणि लाइना काढाव्यात. मात्र आठवड्यातले एक सत्र पुढेही स्वाराविना लाँग लाइनवर ठेवावे आणि नवा कोणताही आडवा, म्हणजे बाजूला सरकण्याचा, व्यायाम प्रथम तिथेच शिकवावा.